नावाड्याचा कोट

"माणसांनी कोणते कपडे घालायचे हे जो ठरवतो, तोच त्या युगाचा खरा राजा असतो. सिंहासनं मोडतात, साम्राज्यं बुडतात, पोशाख मात्र उरतो. आज या खोलीत आपण चौघं जे ठरवणार आहोत, त्यावर लाखो लोकांचा उद्याचा आनंद अवलंबून आहे."

एवढं बोलून सरांनी समोरच्या तिघांकडे पाहिलं. समोरचे तिघं सरांच्या काखेकडे पाहत होते. नव्या शर्टाची किमतीची चिठ्ठी तिथे दोऱ्याला लोंबकळत होती, आणि 'साम्राज्यं' म्हणताना सरांनी हात वर केला तेव्हा तिने एक सुरेख गिरकी घेतली होती. शेवटी आकडेताईंनी न बोलता टेबलावरची कात्री पुढे सरकवली. खर्चाला कात्री लावायची सूचना आहे असं वाटून सर म्हणाले, "ते नंतर बघू."

कंपनी खेळ बनवायची. मैदानावरचा नव्हे, पडद्यावरचा. लोक घरबसल्या एकमेकांना नदीत ढकलतात, तसा. खेळात बरीच पात्रं होती आणि दर मोसमात त्यांतल्या एखाद्याला नवा पोशाख मिळायचा. त्याला स्किन म्हणतात. स्किन घातल्याने पात्राची ताकद वाढत नाही, वेग वाढत नाही, अक्कल तर नाहीच नाही. फक्त रुबाब वाढतो आणि तो विकत घ्यावा लागतो. थोडक्यात, खऱ्या कपड्यांसारखंच सगळं.

स्किन कुणाला द्यायची हे ठरवायची पद्धत शास्त्रशुद्ध होती. आधी आकडेताई भिंतीवर रंगीत खांब दाखवायच्या. जितके जास्त लोक एखादं पात्र घेऊन खेळतात, तितका त्याचा खांब उंच. मग चर्चा व्हायची. मतं मांडली जायची, मतं मागे घेतली जायची, एखाददुसरं मन दुखावलं जायचं आणि मग स्किन ज्वालाला मिळायची. ज्वाला म्हणजे हातात आग घेऊन उड्या मारणारी लांब पायांची बाई. तिचा खांब सगळ्यांत उंच, म्हणून तिला नवे कपडे. नवे कपडे म्हणून आणखी लोक तिला घेणार, आणि त्यामुळे खांब आणखी उंच. हे चाक इतकं सुरळीत फिरत होतं की मध्ये बैठक कशाला लागते, हा प्रश्न फक्त नव्या माणसाला पडायचा. जुनी माणसं मुकाट्याने चाकाबरोबर फिरायची.

त्यांतलाच एक शिंपी. त्याचा हुद्दा दोन ओळींचा होता, पण पात्रांचे पोशाख तोच काढायचा म्हणून अख्खं ऑफिस त्याला शिंपी म्हणायचं. त्याने ज्वालाला अंतराळवीर केलं होतं, समुद्री चाचा केलं होतं, दंतवैद्य केलं होतं. ज्वालाचे खांदे त्याला बायकोच्या खांद्यांपेक्षा जास्त पाठ होते आणि ही गोष्ट बायकोलाही ठाऊक होती. हल्ली त्याला वाटायचं, आपण ज्वालाच्या कपाटात उभे आहोत आणि बाहेरून कुणीतरी कडी घातली आहे.

त्याच खेळात एक नावाडी होता. म्हातारा, पाठीतून वाकलेला, हातात वल्हं. त्याचं काम म्हणजे सोबत्यांच्या पुढे उभं राहून मार खायचा आणि त्यांना पलीकडे जाऊ द्यायचं. प्रत्येक संघाला नावाडी हवाच असायचा आणि तो दुसऱ्या कुणीतरी व्हावं असं प्रत्येक खेळाडूला वाटायचं. खेळ सुरू झाल्यापासून त्याच्या अंगावर एकच ठिगळाचा कोट होता. तोही शिंप्यानेच काढलेला, नोकरी नवी आणि लग्न त्याहून नवं असताना. त्या दिवसांत सासरे समोरच्या खुर्चीत बसून जावयाकडे टक लावून बघत असत. शिंप्याचा हात आपोआप चालला. नाक सासऱ्यांचं आलं, दाढी सासऱ्यांची आली, पाठीचा बाकही बारीकसारीक कोनासकट सासऱ्यांचाच आला.

सासऱ्यांना हे कळलं तेव्हा शिंप्याने मनातल्या मनात सामान बांधलं होतं. पण सासरे खूश झाले. जिन्यात भेटेल त्याला थांबवून ते सांगू लागले, "खेळातला तो नावाडी आहे ना? आम्हीच." पुढे ते लेकीकडे राहायला आले आणि रोज संध्याकाळी चौकशी सुरू झाली.

"जावईबापू, त्या बाईला आता काय शिवताय?"

"मधमाश्या पाळणारीचा पोशाख, बाबा."

"तिला मध लागतो?"

"नाही."

"मला थंडी लागते. नदीवर असतो मी."

"तुमचा खांब लहान आहे, बाबा."

"एवढंच ना? वाढवतो."

सासऱ्यांनी बागेतल्या बाकावरचे सगळे दोस्त कामाला लावले. कुणी नातवाचा फोन उचलला, कुणी सुनेचा. सगळ्यांनी नावाडीच घ्यायचा असा दंडक. अशाने एकेका संघात सगळेच नावाडी व्हायचे. सगळे एकमेकांसाठी मार खायला सज्ज आणि पलीकडे जाणारं कुणीच नाही. ते कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणत बुडायचे. पण खांब वाढला.

आणि नेमक्या याच मोसमात सरांनी नवा नियम काढला. ज्या पात्राला आजवर एकही स्किन मिळालेली नाही, त्याला या बैठकीत मिळाली तर मिळाली. नाहीतर पात्र खेळातून निवृत्त. बाकीच्यांना ज्वालाचं चाक फिरू लागण्याआधीच एकेक मिळून गेली होती. असं पात्र एकच होतं.

शिंप्याने हे फक्त बायकोला सांगितलं.

"म्हणजे बाबांना काढणार?" ती म्हणाली.

"नावाड्याला."

"तेच म्हणतेय मी. हे बघ, जे होईल ते घरी येऊन तूच सांगायचंस त्यांना. मी त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही."

बैठकीच्या दिवशी सासरे सकाळीच तयार होते. त्यांनी स्वतःचा ठेवणीतला कोट आणून जावयाच्या हातात ठेवला. गडद निळा, गुडघ्यापर्यंतचा, पितळी बटणांचा. वजनाला एखाद्या लहानशा पाहुण्याएवढा.

"नमुना म्हणून न्या. चित्रात काय कळतं? कापड हाताला कळतं. त्यांना म्हणावं, घालून बघा."

"बाबा, तशी पद्धत नाही."

"म्हणून तर सगळे कपडे त्या बाईला जातात."

शिंपी कोट घेऊन निघाला.

बैठकीची खोली काचेची होती. बाहेरच्यांना आतले दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. मागच्या मोसमात कुणीतरी ज्वालाच्या पोशाखाचा फोटो बाहेर फोडला होता, तेव्हापासून फोन स्वागतकक्षातल्या मुलीकडच्या टोपलीत ठेवूनच आत जायचं. शिंप्याचा टॅबलेट तेवढा चालायचा, कारण त्यावर फक्त चित्रं काढता यायची. बैठका लवकर आटपाव्यात म्हणून सरांच्याच हुकुमावरून खोलीतला एसी कडाक्याचा ठेवलेला असायचा आणि त्याचा रिमोटही त्या मुलीकडेच. दाराची आतली मूठ तुटली होती. दुरुस्तीवाला एकदा येऊन गेला, पण तो स्वतःच आत अडकला आणि सुटल्यावर पुन्हा फिरकला नाही. त्यामुळे दाराला अडण म्हणून नावाडी लावत. कंपनीने पूर्वी कौतुकाने प्रत्येक पात्राच्या वीतभर पुतळ्या काढल्या होत्या. ज्वालाच्या हातोहात संपल्या. नावाड्याच्या खोकीच्या खोकी उरल्या. पाठीचा बाक दाराच्या फटीत इतका चपखल बसायचा की जणू त्यासाठीच घडवला असावा.

तर सरांचं युगाच्या राजाबद्दलचं बोलून झालं आणि आकडेताईंनी खांब दाखवले.

"सर, नावाड्याचा खांब वाढलाय."

"वा! मग प्रश्नच मिटला. जुन्या कोटात चालतोय, तर नवा कशाला?"

"पण सर," शिंपी म्हणाला, "मागे खांब लहान होता तेव्हा आपण म्हणालो, कुणी घेतच नाही, तर नवा कशाला?"

"बरोबर. आपण पहिल्यापासून एकाच मतावर ठाम आहोत."

"आणखी एक गंमत आहे," आकडेताई चष्मा सावरत म्हणाल्या. "नावाडी घेणारे हे नवे खेळाडू दुपारचं जेवण झालं की सगळे एकदम गायब होतात. आणि चहाच्या वेळेला सगळे एकदम उगवतात."

"शाळेची मुलं असतील," सर म्हणाले.

शिंपी छताकडे बघत राहिला.

चौथा माणूस गोष्टकार. ज्वालाला अंतराळवीराचा पोशाख दिला की ती अंतराळात का गेली, हे लिहायचं काम त्याचं. तिने दंतवैद्यकी का पत्करली यावर त्याने इतकं हृदयद्रावक लिहिलं होतं की लोक रडले होते. तो म्हणाला, "खरी अडचण दाढीची आहे. त्याला कुठलाही नवा कपडा घातला की दाढी कापडातून आरपार जाते. वाकला की वल्हं खांद्यातून बाहेर येतं. हा बाक काढला कुणी एवढा?"

"निसर्गाने," शिंपी म्हणाला. "पण मी गळा मोठा ठेवलाय. हा नमुना आणलाय, कापड जरा बघा." आणि त्याने कोट टेबलावर ठेवला.

"माणूस कसा आहे ते आधी बघू," सर म्हणाले. "काढायचा तर निदान चेहरा बघून काढू. तो दारातला आणा इकडे."

गोष्टकार उठला, वाकला आणि नावाडी आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. चौघं त्याच्याकडे बघू लागले. मागे दार इतक्या अदबीने बंद झालं की क्षणभर कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

मग सगळे एकदम उठले. गोष्टकाराने फटीत नखं घातली. आकडेताईंनी ओळखपत्र घातलं, ते पलीकडे पडलं. सरांनी दाराला "उघड" असं सांगून पाहिलं. बाहेर सगळी मंडळी कानांवर हेडफोन चढवून कामात बुडालेली. शिंप्याने काच थोपटली. एकाने मान वर केली, हात हलवला आणि पुन्हा खाली घातली. गोष्टकाराने फळा उचलला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'वाचवा' लिहिलं आणि काचेला लावून धरला. मागच्या मोसमाच्या जाहिरातीचं नाव 'पळा' होतं. त्यामुळे बाहेरच्यांना हे पुढचं नाव वाटलं. दोघांनी अंगठे दाखवले. एकाने खुणेने सुचवलं की अक्षरं लाल करा.

दुपार झाली. बाहेरची मंडळी डबे घेऊन गेली आणि तृप्त होऊन परत आली. आत थंडी हाडांत शिरत होती. आकडेताईंनी खांबांच्या उबेला जावं तसं प्रोजेक्टरजवळ बस्तान मांडलं. गोष्टकार फळा पोटाशी धरून बसला. सर बराच वेळ ताठ होते. मग त्यांची नजर कोटावर गेली.

"कापड बघायचं म्हणाला होतास ना," ते म्हणाले आणि कोट अंगात घातला. पितळी बटणं एकेक करून लावली. खिशात हात घातले. "अरे वा, चष्मापण आहे!" त्यांनी तो डोळ्यांवर ठेवला आणि भिंतीकडे पाहून थक्क झाले. "या खांबांखाली नावं पण लिहिलेली असतात?"

शिंप्याने वर पाहिलं. थंडीने सर पाठीतून वाकले होते. निळा कोट, नाकावर घसरलेला तो चष्मा, आणि टक लावून बघणं. घरून निघून, लिफ्टने वर येऊन, सासरेच अध्यक्षस्थानी बसल्यासारखं झालं. तो नकळत उठून उभा राहिला.

"बस, बस," सर म्हणाले. "कोट म्हणजे कोट आहे हा. खांद्यावर बसतो. माणसाला आधार देतो. हा द्यायलाच हवा."

शिंप्याला बसवेना. घरी जाऊन जिन्यातूनच ओरडून सांगावं, असं त्याला वाटलं.

"ज्वालाला," सर म्हणाले.

"सर, हा नावाड्याचा आहे."

"म्हणून तर! लोकांना त्यागाची गोष्ट आवडते. नावाडी स्वतःचा कोट काढून ज्वालाला देतो. कमरेत घट्ट कर, बाह्या उडव, खालून अर्धा काप. गोष्टकार, का देतो तो तिला?"

गोष्टकाराचे दात वाजत होते. "ति-तिला थंडी वाजते."

"ज्वालाला? तिच्या हातात आग आहे."

"आतून वाजते, सर."

"अप्रतिम. लिहून घे."

"आणि नावाड्याचं काय?" शिंप्याने विचारलं.

सरांनी टेबलावरच्या पुतळीकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. "निवृत्त करता येणार नाही त्याला. तो हलला की काय होतं, ते आपण बघतोच आहोत. पण नियम म्हणजे नियम, स्किन हवी. कोट देऊन टाकल्यावर माणूस कसा दिसतो?"

"बनियनमध्ये," आकडेताई म्हणाल्या.

"झालं तर. तो त्याचा नवा पोशाख. फुकट वाटून टाका."

"बनियनमधून दाढी आरपार जाणार नाही," गोष्टकार उजळून म्हणाला. "गळाच एवढा खोल असतो!"

"सर, बनियन नको," शिंपी म्हणाला. "एखादा शर्ट तरी. साधा."

"शर्ट घालायचा तर मग कोट दिला याचं दुःख कुठं राहिलं? आणि हे बघ, बनियन नको असेल तर स्किन नाही, स्किन नाही तर निवृत्ती. तुझं काय मत पडतं? आपल्याकडे जबरदस्ती नाही."

हात वर करायला सांगितलं गेलं. गारठलेल्या माणसांचे हात भराभर वर गेले. शिंप्याने नावाड्याकडे पाहिलं. नावाड्याने नेहमीप्रमाणे टक लावली होती. शिंप्यानेही हात वर केला. मग तिथेच टॅबलेटवर सासऱ्यांना बनियन घातली. दंड जसे होते तसे काढले. खोटं काढायची सवय त्याच्या हाताला नव्हती.

संध्याकाळ होत आली तेव्हा दार उघडलं. स्वागतकक्षातली मुलगी चिडून उभी होती.

"शिंपीदादा, तुमचा फोन न्या बाई आधी! सकाळपासून वाजतोय. थरथरून थरथरून टोपली टेबलावरून खाली पडली. आणि तुम्हा लोकांना बसायला एवढं आवडतंच कसं या फ्रीजमध्ये?"

सगळे तिच्या अंगावरून बाहेर धावले. सर सर्वांत पुढे. कोट अंगात तसाच, चष्मा नाकावर तसाच. पायऱ्यांवरून त्यांचा आवाज आला, "तो नावाडी पुन्हा दारात लावा रे!"

शिंप्याने फोन पाहिला. घरून आलेले फोन. पुन्हा घरून. पुन्हा. बोट लावून कितीही खाली सरकवलं तरी घरच. त्याला सगळं लख्ख दिसलं: खुर्ची खिडकीशी ओढलेली, हातात फोन, आणि एकच प्रश्न. त्याने फोन बंद करून खिशात घातला. मग वाकून नावाडी दारात लावला. बाक नेमका बसला.

घरी यायला त्याने लांबचा रस्ता घेतला. तो संपल्यावर त्याहून लांबचा सापडेना. बायकोने दार उघडलं.

"फोन का नाही उचललास? बाबांनी दिवसभर जीव खाल्लाय माझा."

"कळलं त्यांना?"

"काय कळायचंय?" मग तिने त्याचं तोंड पाहिलं, त्याचे रिकामे हात पाहिले. "अरे देवा," ती म्हणाली आणि कबूल केल्याप्रमाणे स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा आवाज मात्र आला नाही.

सासरे खुर्चीत बसले होते.

"या, जावईबापू. कोट कुठाय?"

"सरांनी घातला, बाबा. घालूनच घरी गेले. फार आवडला त्यांना."

सासऱ्यांची पाठ होती त्यापेक्षा थोडी सरळ झाली. "म्हटलं नव्हतं? कापड हाताला कळतं." थोडा वेळ त्यांनी तो आनंद पुरवून पुरवून घेतला. "म्हणजे मला ठेवलं."

"ठेवलं."

"नवा पोशाख दिला."

"दिला."

"दाखवा."

निसटायला जागा नव्हती. मागे दार होतं, पण ते त्याच्याच घराचं होतं. शिंप्याने टॅबलेट पुढे केला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. सासऱ्यांनी चित्र नाकाशी नेलं. मग हात लांब केला. मग आणखी लांब करून मान मागे घेतली. स्वयंपाकघरातली शांतता दाराच्या फटीशी येऊन उभी राहिली.

"हा मीच ना?"

"हो, बाबा."

"अंगात पांढरं काहीतरी आहे."

"हो."

"पांढरा कोट दिला की काय?"

सासरे चित्र तिरकं करून, सरळ करून, दिव्याखाली धरून बघत राहिले. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला आणि टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

"काही म्हणजे काही दिसत नाही. माझा चष्मा त्या कोटाच्या खिशात राहिलाय, तेच सांगायला सकाळपासून फोन करतोय. उद्या तुमच्या सरांकडून तेवढा मागून आणा. मग नीट बघतो."